उसनवार वही

रसायनशास्त्र विभागाच्या भांडाराची किल्ली बत्तीस वर्षं माझ्याकडे होती. १९८९ साली प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले, दोन वर्षांनी भांडाराचा चार्ज आला आणि २०२३ मध्ये निवृत्त होताना तो मी दुसऱ्याच्या हाती दिला. एवढ्या वर्षांत किती लिटर द्रावणं केली याचा हिशेब माझ्याकडे नाही. दुसरा एक हिशेब मात्र आहे. आसपासच्या महाविद्यालयांना आम्ही कोणती रसायनं दिली, त्यांच्याकडून कोणती घेतली, कोणत्या तारखेला, कोणत्या अवस्थेत, हे सगळं एका दोनशे पानी वहीत लिहिलेलं आहे. वहीवर मी पहिल्याच दिवशी निळ्या शाईनं ‘उसनवार वही’ असं लिहिलं होतं. पुढे संगणकावरची यादी आली, प्राचार्यांच्या सहीची पत्रं आली, तरी विभागात नाव तेच राहिलं.

पहिली नोंद मार्च १९९८ ची आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी टीवायची प्रॅक्टिकल परीक्षा होती. बाह्य परीक्षक संध्याकाळीच मुक्कामाला आले होते. द्रावणं करायला बसले आणि सिल्व्हर नायट्रेटची बाटली काढली. स्टॉक रजिस्टरवर पंचवीस ग्रॅम शिल्लक होतं. बाटलीच्या तळाला काळपट पडलेले चार खडे होते. वर्षभरात कुणी कुणी थोडं थोडं घेतलं होतं आणि लिहायचं राहिलं होतं. रजिस्टर माझ्या ताब्यात होतं, त्यामुळे चूक माझीच. दशांश नॉर्मल द्रावणाला लिटरमागे १७ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट लागतं, म्हणजे पंचवीस ग्रॅमच्या अख्ख्या बाटलीत जेमतेम दीड लिटर. माल महाग, त्यामुळे गावातल्या दुकानदाराकडे तो तयार मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

आमच्या विभागाच्या सरांनी ३८ किलोमीटरवरच्या महाविद्यालयात फोन लावला. तिथल्या स्टोअरचे भाऊसाहेब म्हणाले, “या, घेऊन जा. तीन सीलबंद बाटल्या पडल्यात.” साडेसहाची एसटी धरून गेले आणि शेवटच्या गाडीनं परत आले. तपकिरी बाटली स्टीलच्या डब्यात, डबा मांडीवर. रात्री साडेअकराला आमच्या मामांनी प्रयोगशाळा उघडून दिली. मामा म्हणजे विभागाचे जुने परिचर. प्राध्यापकांपासून पोरांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. सकाळी साडेआठला ब्युरेट भरलेल्या होत्या.

परतीच्या गाडीत माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. तीन बाटल्या! वर्षाला एखादी लागते, तिथं तीन कशासाठी? एप्रिलमध्ये नवी बाटली परत द्यायला गेले तेव्हा न राहवून विचारलं. भाऊसाहेबांनी काही न बोलता कपाट उघडलं. मार्च एंडला अनुदान परत जाऊ नये म्हणून घाईनं घेतलेला माल वरच्या दोन कप्प्यांत सीलबंद उभा होता. खालच्या कप्प्यात अभ्यासक्रमातून गेलेल्या प्रयोगांचं सामान होतं. मी घरी येऊन दुसऱ्या दिवशी आमचं कपाट त्याच नजरेनं पाहिलं. नावं वेगळी होती, गोष्ट तीच होती.

ही शिल्लक साठते कशी, हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. एखाद्या प्रयोगाला वर्षाकाठी दोन ग्रॅम द्रव्य लागतं, पण कंपनीचं पॅकिंग शंभर किंवा पाचशे ग्रॅमचं असतं. चार वर्षांनी विद्यापीठ अभ्यासक्रम बदलतं. आमच्याकडे किप्सचं उपकरण बंद झालं, हायड्रोजन सल्फाइड वायू सोडून गट ओळखण्याची जुनी पद्धत गेली आणि फेरस सल्फाइडच्या कांड्यांची पाकिटं तशीच उरली. संशोधन करणारा विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातो आणि मागे चाळीस छोट्या बाटल्या सोडतो. त्यांच्यावर ‘ए-३’, ‘शुद्ध’, ‘पुन्हा स्फटिक’ असलं काहीतरी लिहिलेलं असतं. ते त्यालाच कळणार, आणि तो तर बंगळुरूला. अशा अनामिक बाटल्यांनी मला जितका त्रास दिला तितका आम्लांनीही दिला नाही. आत काय आहे हे माहीत नसलेली वस्तू वापरता येत नाही, देता येत नाही आणि टाकताही येत नाही.

सुरुवातीची आठ वर्षं आमची देवाणघेवाण शेजारधर्माच्या पद्धतीनं चालली. फोन यायचा, वहीत ओळ लिहायची, कुणीतरी येणारं-जाणारं बाटली न्यायचं. त्या काळात आम्ही जे केलं त्यातलं बरंचसं आज मी कुणाला करू देणार नाही. एका डिसेंबरात ग्लेशियल अॅसेटिक आम्लाची अडीच लिटरची बाटली मी स्वतः एसटीनं नेली. सकाळी भांडारात ती पांढरीशुभ्र गोठलेली होती. १६.६ अंशाच्या खाली हे आम्ल गोठतं, आणि आमच्याकडे थंडीत पारा त्याच्या बराच खाली जातो. घट्ट बर्फासारखं दिसतंय म्हणून मी निर्धास्त झाले. गाडीत माणसांच्या गर्दीत, इंजिनाच्या उबेत ते वितळलं आणि सैल बुचातून पाझरलं. व्हिनेगरचा झोंबणारा वास गाडीभर पसरला. पिशवीचा तळ विरला, शेजारी बसलेल्या आजींच्या लुगड्याचा काठ भिजला. कंडक्टरनं गाडी थांबवली, आजींच्या पायावर मी माझ्या बाटलीतलं सगळं पाणी ओतलं. त्यांना इजा झाली नाही. पण ते आम्ल कातडीवर राहिलं तर फोड आणतं, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, तरीही मी ते प्रवासी गाडीत नेलं होतं. त्यानंतर रसायनाची एकही बाटली आमच्याकडून एसटीनं गेली नाही. महाविद्यालयाची गाडी असेल तेव्हाच, प्लास्टिकच्या क्रेटमध्ये, भोवती वाळू किंवा व्हर्मिक्युलाइट घालून, आणि आम्ल व ऑक्सिडीकारक कधीही एका क्रेटमध्ये नाही.

पण खरा फरक पडला तो २००६ च्या जुलैत.

शेजारच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्र विभागाला पिक्रिक आम्ल हवं होतं. ऊतींचे छेद घेण्याआधी त्या बुइन्स फ्लुइडमध्ये ठेवतात, आणि त्या द्रवात पिक्रिक आम्लाचं संपृक्त द्रावण, फॉर्मेलिन आणि अॅसेटिक आम्ल असतं. आमच्या रजिस्टरवर शंभर ग्रॅमची एक बाटली होती. कितीतरी वर्षं कुणी मागितली नव्हती. मला आनंदच झाला. सगळ्यात मागच्या रांगेतून, रिकाम्या फ्लास्कच्या पेटीमागून मी ती बाटली ओढून काढली. काळं स्क्रूचं बूच, पिवळं पडलेलं लेबल, आत कोरडे पिवळे स्फटिक. काही कण बुचाच्या कडेलाही चिकटलेले दिसत होते. बूच उघडून माल बघून घ्यावा म्हणून मी त्यावर हात ठेवला.

दारात मामा उभे होते. ते म्हणाले, “ताई, थांबा. ती ओली नाहीये.”

मला कळलं नाही. मामा म्हणाले, “जुने सर सांगायचे, ही बाटली हलवली की आत पाणी दिसलं पाहिजे. दर पावसाळ्यात त्यात पाणी घालून ठेवायचे. ते गेल्यापासून कुणी घातलं नसणार.”

मी हात काढला. बाटली होती तिथंच राहू दिली आणि सरांना बोलावलं. सरांचा चेहरा उतरला. पिक्रिक आम्ल म्हणजे ट्रायनायट्रोफिनॉल, टीएनटीच्या घराण्यातलं. एके काळी तोफगोळ्यांत ते भरत असत. त्यात निदान तीस टक्के पाणी राखलं तर ते निमूट बसतं. सुकलं की धक्क्यानं, घासण्यानं, उष्णतेनं भडकू शकतं, आणि धातूशी संयोग होऊन बनणारे त्याचे क्षार तर त्याहून नाजूक. स्क्रूच्या आट्यांमध्ये अडकलेले सुके कण बूच फिरवताना चिरडले जातात. नेमकं तेच मी करायला निघाले होते.

विभाग रिकामा केला, वीज बंद केली, प्राचार्यांनी पोलिसांना कळवलं. संध्याकाळी जिल्ह्याचं बॉम्बशोधक पथक आलं आणि बाटली घेऊन गेलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. डोळ्यांसमोर बूच नव्हतं, क्रेट होता. ती बाटली मी त्याच संध्याकाळी गाडीत घालून तीस-चाळीस किलोमीटर खड्ड्यांच्या रस्त्यानं पाठवणार होते. तिकडे प्राणिशास्त्राच्या एखाद्या मुलीनं ती उघडली असती. आणि ही सगळी देणगी म्हणून!

त्या बाटलीबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट लेबलवर नव्हती, रजिस्टरमध्ये नव्हती. ती मामांच्या डोक्यात होती, आणि मामांना निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. मी दिवाळीच्या सुट्टीत भांडारातली प्रत्येक बाटली बाहेर काढली. मामा शेजारी स्टुलावर बसायचे, ही कधी आली, कुणी मागवली, कुणी उघडली, जेवढं आठवेल तेवढं सांगायचे आणि मी लिहायचे. कपाटांची इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावलेली रांगही तेव्हाच मोडली. अक्षरांच्या शिस्तीनं अॅसेटिक आम्ल अमोनियम नायट्रेटच्या मांडीला मांडी लावून बसलं होतं, आणि त्या दोघांनी एकमेकांजवळ असता कामा नये. आम्लं वेगळी, अल्कली वेगळे, ज्वालाग्राही वेगळे, ऑक्सिडीकारक वेगळे, अशी नवी मांडणी केली.

आणि लेबल बदललं. यात एक साधी युक्ती आहे, ती सांगते. सीलबंद बाटली आली की ती न उघडता तशीच तराजूवर ठेवायची आणि एकूण वजन लेबलवर लिहायचं. समजा पाचशे ग्रॅमची बाटली काच-बुचासकट ७४२ ग्रॅम भरली. तीन वर्षांनी ती ४३० भरली, तर ३१२ ग्रॅम गेलं आणि १८८ ग्रॅम उरलं. बूच उघडायला नको, हवेतली वाफ आत जायला नको, वास घ्यायला नको. या आकड्याखाली खरेदीची तारीख, उघडल्याची तारीख आणि उघडणाऱ्याची सही. सही नसलेली उघडी बाटली कुणालाही द्यायची नाही, हा नियम मी त्या दिवाळीत केला आणि तो शेवटपर्यंत पाळला. भीड पडली तरी पाळला.

२००७ च्या जूनमध्ये तासाभराच्या अंतरावरच्या पाच महाविद्यालयांनी एकमेकांना शिल्लक मालाची यादी द्यायचं ठरवलं. वर्षातून दोनदा, सत्र सुरू होण्याआधी. मला वाटलं, सगळे धावत येतील. पहिल्या वेळी दोनच याद्या आल्या. उरलेल्या तिघांशी बोलताना हळूहळू उमगलं की अडचण कष्टाची नव्हती, भीतीची होती. शिल्लक आहे असं कागदावर लिहिलं की ऑडिटर विचारणार, जास्तीचं घेतलंच का? त्यापेक्षा कपाट बंद ठेवलेलं बरं. एका विभागप्रमुखांनी मला स्पष्ट सांगितलं, “मॅडम, तुम्ही माल घेऊन जा, पण यादीत नाव नको.” मी तो माल घेतला नाही. कागदावर न लिहिता आलेल्या बाटलीची जबाबदारी कुणाची?

शेवटी आमच्या प्राचार्यांनी बाकीच्या चौघांना पत्र लिहिलं. त्यात एक वाक्य होतं, ‘शिल्लक दाखवणे हा दोष समजला जाऊ नये, ती न दाखवणे हा समजला जावा.’ चारही प्राचार्यांनी त्यावर सही केली. हस्तांतरणाचं पत्र, गेट पास, दोन्हीकडच्या रजिस्टरांत नोंद आणि पैशाचा व्यवहार शून्य, अशी पद्धत बसली. पुढच्या सत्रात पाचही याद्या आल्या. मला अजून वाटतं, या कामातलं सगळ्यात अवघड रसायन ते एक वाक्य होतं.

यादीत नाव कसं लिहायचं, हे आम्ही ठेच लागल्यावर शिकलो. एका महाविद्यालयातून फोन आला, सोडियम सल्फाइट पाठवा. फोनची खरखर, दोन्हीकडे घाई. आमच्याकडच्या मुलानं सल्फाइड असं ऐकलं आणि तीच बाटली काढून ठेवली. आमच्या गाडीनं ती नेऊन पोचवली. सुदैवानं तिथल्या सहायक बाईंनी बूच उघडताच सडक्या अंड्याचा वास ओळखला आणि ते तिथंच लावलं. सल्फाइटवर आम्ल टाकलं तर सल्फर डायऑक्साइड निघतो. तोही वाईटच, पण खोकला आणून तो स्वतःची खबर देतो. सल्फाइडवर आम्ल टाकलं तर हायड्रोजन सल्फाइड निघतो, आणि तो फसवा असतो. त्याचं प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, वास गेला असं वाटतं आणि माणूस तिथंच उभा राहतो.

तेव्हापासून प्रत्येक नावापुढे कॅस क्रमांक लिहायचा असं ठरलं. नोंद झालेल्या प्रत्येक रासायनिक द्रव्याला असा एक क्रमांक दिलेला असतो. सोडियम सल्फाइटचा ७७५७-८३-७, सल्फाइडचा १३१३-८२-२. पण सल्फेटचा ७७५७-८२-६. सल्फाइट आणि सल्फेट हे क्रमांकातही सख्खे शेजारी! एका तरुण प्राध्यापकांनी मला त्यातली खूण शिकवली. शेवटचा अंक हा तपासणीचा अंक असतो. तो सोडून उरलेले अंक उजवीकडून घ्यायचे, पहिल्याला एकानं, दुसऱ्याला दोननं, तिसऱ्याला तीननं असं गुणत जायचं आणि बेरीज करायची. सल्फाइटसाठी ३, १६, २१, २०, ३५ आणि ४२, बेरीज १३७. तिचा एकं स्थानचा अंक ७, तोच क्रमांकाच्या शेवटी. लिहिताना एखादा अंक चुकला की बहुतेक वेळा हिशेब जुळत नाही. मी बीएस्सी झालेली बाई, तोंडी बेरजा बऱ्या. यादी टाइप झाली की पेन्सिल घेऊन बसायचे आणि एकेक क्रमांक तपासायचे. दर वेळी दोन-तीन चुका सापडायच्याच.

देणं सोपं वाटतं, घेणं त्याहून. घेण्याच्या बाबतीत मी एकदा मोठी फसले. जवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यानं आमच्या महाविद्यालयाला रसायनं भेट देऊ केली. टेम्पो आला, हारतुरे झाले, फोटो निघाला. मी आनंदानं पोच लिहून दिली. खोकी उघडली तेव्हा पहिल्याच थरात डायआयसोप्रोपिल इथरच्या जुन्या बाटल्या निघाल्या. इथर हवेत राहिलं की त्यात पेरॉक्साइड तयार होतात. ते उडून जात नाहीत, ऊर्ध्वपातन करताना तळाशी साठत जातात आणि शेवटच्या थेंबांबरोबर फुटतात. आणि डायआयसोप्रोपिल इथर तर या बाबतीत सगळ्यांत वाईट. बाटली उभी असतानाही त्यात पेरॉक्साइडचे स्फटिक धरतात. खाली मुदत संपलेली अभिकर्मकं, पाणी धरून फुगलेलं अॅल्युमिनियम क्लोराइड, लेबलं गळून गेलेले कॅन. कारखान्याला ज्याच्या विल्हेवाटीसाठी पैसे मोजावे लागले असते ते आमच्या दारात आणून टाकलं होतं. टेम्पो परत गेलेला आणि पोच माझ्या सहीची. तो माल परत घ्यायला लावायला आम्हाला सहा महिने आणि अकरा पत्रं लागली. त्यानंतर देणगी कुणाचीही असो, गाडी निघण्याआधी यादी मागवायची, ती सरांसमोर वाचायची आणि नको त्या नावावर रेघ मारायची, असा शिरस्ता पडला. आम्ही शाळांना काही देताना तर अजून काटेकोर झालो. तुरटी, मोरचूद, धुण्याचा सोडा, ग्लुकोज, स्टार्च, लिटमस. शाळेतल्या शिक्षकांनी मागितला तरी पारा दिला नाही.

त्या निमित्तानं कायदाही वाचावा लागला. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे असा कचरा साधारणपणे नव्वद दिवसांपेक्षा जास्त साठवून ठेवता येत नाही. म्हणजे एखाद्या बाटलीला मी ‘कचरा’ म्हटलं की घड्याळ सुरू होतं. ‘शिल्लक’ म्हटलं तर होत नाही. हे वाचल्यावर मोह होतो, सगळ्यालाच शिल्लक म्हणायचा. मी स्वतःला एक प्रश्न विचारायचे, उद्या सकाळी ही बाटली मी माझ्या मुलांच्या हातात देईन का? हो म्हणता आलं तर ती यादीत. नाही तर लाल शाईनं वेगळ्या कागदावर. लाल कागदावरचा माल रांजणगावच्या घातक कचरा प्रकल्पाकडे जायचा. प्रत्येक महाविद्यालयाचे कागद वेगळे, पण दिवस एकच ठरवायचो, म्हणून वाहतुकीचा खर्च झेपायचा.

कार्बन टेट्राक्लोराइडनं मात्र मला बराच काळ कोड्यात टाकलं. पाणी आणि ते, या दोघांत आयोडीन कसं वाटून जातं हा प्रयोग आम्ही वर्षानुवर्षं घेतला. ओझोनचा थर खातं म्हणून मॉन्ट्रियल करारानंतर ते बाजारातून आटत गेलं आणि आमच्या पुरवठादाराच्या यादीतूनही गेलं. आमच्याकडे सहा बाटल्या सीलबंद होत्या. सगळीकडून मागणी. आता हे मिळत नाही मॅडम, एक तरी द्या. माल उत्तम, लेबल पूर्ण, सही आहे, माझे सगळे नियम पाळलेले. पण ते यकृताचं विष आहे आणि आमच्या प्रयोगशाळेत वाफ ओढून घेणारं कपाट एकच, तेही धडपणे न चालणारं. बाकीच्यांकडे तेवढंही नव्हतं. शेवटी सहाही बाटल्या लाल कागदावर गेल्या. पाचही विभागांनी प्रयोग बदलला, बेंझॉइक आम्ल पाणी आणि टोल्यूइनमध्ये वाटून घ्यायला सुरुवात केली. अॅसेटिक अनहायड्राइडचंही असंच झालं. अॅस्पिरिन करायला ते लागतं, पण हेरॉइन करायलाही लागतं, म्हणून २०१३ च्या आदेशानं ते नियंत्रित आहे. एका फार्मसी महाविद्यालयाला मी नाही म्हटलं तेव्हा तिथल्या मॅडम वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मला वाईट वाटलं, पण दिलं नाही.

मार्च २०२० मध्ये टाळं लावलं आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये वर्ग भरले. मध्ये अधूनमधून जाऊन खिडक्या उघडून येत होतो, तरी दोन उन्हाळे भांडार बंदच होतं म्हणायचं. उघडलं तेव्हा हायड्रोजन पेरॉक्साइडची प्लास्टिकची बाटली फुगली होती. फॉर्मेलिनच्या तळाला पांढरा साका बसला होता. आयोडीननं स्वतःचं बूच खाल्लं होतं आणि शेजारच्या तीन बाटल्यांची लेबलं तपकिरी केली होती. सोडियमच्या बरणीतलं रॉकेल खाली उतरून तुकड्यांची टोकं उघडी पडली होती. फेरस सल्फेटचे हिरवे खडे विटकरी झाले होते. अमोनियाच्या बाटल्या उघडण्याआधी दोन दिवस ओली फडकी गुंडाळून ठेवल्या, कारण तापलेली बाटली उघडली तर कारंजं तोंडावर येतं.

परीक्षा तोंडावर, नवी खरेदी व्हायला तीन महिने. तेव्हा त्या यादीनं पाचही विभाग तारले. एकाचं फेरस सल्फेट गेलं होतं, पण त्यांच्याकडे मोहरचं मीठ चांगलं राहिलं होतं. आमचं थायोसल्फेट ठणठणीत होतं. कुठं कोणती बाटली कोणत्या अवस्थेत आहे हे फोनवर विचारत बसावं लागलं नाही. चौथ्या दिवशी गाडी फिरून आली. त्या आठवड्यात कुणी कुणाला उपकार केल्यासारखं बोललं नाही, याचं मला फार बरं वाटलं.

तरी एक गोष्ट मला उशिरा कळली. त्या तरुण प्राध्यापकांनी भिंतीवर एक तक्ता लावला होता, अनास्तास आणि वॉर्नर यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या हरित रसायनशास्त्राच्या बारा तत्त्वांचा. पहिलंच तत्त्व असं की कचरा झाल्यावर निस्तरण्यापेक्षा तो होऊच देऊ नये. रोज त्याच्या खालून जात होते. एक दिवस वाटलं, आपण इतकी वर्षं उरलेलं वाटतोय, पण उरतंय का, हे विचारलंच नाही. मग खरेदीच्या इंडेंटवर एक ओळ छापून घेतली, ‘पाच याद्या पाहिल्या’, आणि पुढे सहीची जागा. पन्नास मिलिलिटरच्या ब्युरेटऐवजी दहाच्या आणल्या. गुणात्मक विश्लेषण परीक्षानळीतून थेंबांच्या तबकडीवर आलं. याद्या वर्षागणिक आखूड होत गेल्या. सुरुवातीला मी घाबरले, काम मंदावलं की काय. मग लक्षात आलं, द्यायलाच काही उरत नाहीये.

मे २०२३ मध्ये चार्ज देताना नव्या सहायकाबरोबर मी तीन दिवस प्रत्येक बाटली तराजूवर ठेवली. शेवटी खालच्या कप्प्यातली फेरस सल्फाइडच्या कांड्यांची पाकिटं आली. २००७ च्या पहिल्या यादीपासून ती प्रत्येक यादीत होती. एकाही महाविद्यालयानं ती कधी मागितली नाही. तो म्हणाला, “मॅडम, सोळा वर्षं कुणी घेत नाही, यादीतून काढूया का?” मी म्हटलं, “ते तू ठरव. आधी वजन कर.”

पाकिटावर माझ्याच अक्षरात ४ किलो ७०० लिहिलं होतं. तराजूनं ४ किलो ६१० दाखवलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा तेवढंच. नव्वद ग्रॅम कुठं गेलं असावं, गंजून भुगा पाकिटाच्या फटीतून सांडला की कधी कुणी एखादी कांडी उचलली, दोघांनाही सांगता येईना. त्यानं माझ्याकडे पाहिलं. जुना आकडा खोडू नको, असं मी सांगितलं. त्यानं तो तसाच ठेवला, खाली नवा आकडा आणि तारीख लिहिली, ‘फरकाचं कारण माहीत नाही’ असं लिहिलं आणि आम्ही दोघांनी खाली सह्या केल्या.